सायबर संरक्षणाचा संयुक्त सराव नागपुरात कसा घ्यावा

आमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा सायबर संरक्षणाचा सराव घेतला, त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास एका गटातील मुलाने फायरवॉलची (नेटवर्कमध्ये येणारी-जाणारी माहिती गाळणाऱ्या यंत्राची) केबल उपटली आणि त्याच्या गटाने टाळ्या वाजवल्या. हल्ला थांबला हे खरे. पण त्याच केबलवरून त्यांच्या काल्पनिक शहराच्या जलशुद्धीकरण केंद्राची माहितीही येत होती, त्यामुळे पुढची सव्वीस मिनिटे पाण्यात क्लोरीन किती आहे हे कोणालाच दिसले नाही. गुणफलकावर तो गट पहिल्या क्रमांकावरून शेवटच्या क्रमांकावर घसरला तेव्हा ‘हल्ला तर आम्हीच परतवला, मग गुण कशाचे कापले?’ असा वाद त्यांनी घातला. वाद घालता येईल इतका नियम आम्ही संदिग्ध ठेवला होता, ही चूक आमची. त्यानंतर घेतलेल्या दोन सरावांतून जे हाती लागले ते येथे मांडत आहे. आपल्या महाविद्यालयात, सहकारी बँकेत किंवा एखाद्या कारखान्यात असा सराव घेऊ इच्छिणाऱ्यांना ते उपयोगी पडावे.

नमुना कोठून घ्यावा

एप्रिल २००७ मध्ये एस्टोनिया सरकारने राजधानी टॅलिनमधील सोव्हिएत काळातील सैनिकाचा पुतळा हलवला आणि त्यानंतरचे काही आठवडे त्या देशातील सरकारी कार्यालये, बँका व वृत्तपत्रे यांच्या संकेतस्थळांवर बनावट मागण्यांचा एवढा भडिमार झाला की अनेक सेवा ठप्प झाल्या. पुढच्याच वर्षी, मे २००८ मध्ये, टॅलिन येथे नाटोशी संलग्न असे सायबर संरक्षण केंद्र उभे राहिले आणि २०१० पासून ते केंद्र ‘लॉक्ड शील्ड्स’ हा बहुराष्ट्रीय सराव घेत आले आहे. कोविडमुळे २०२० चा सराव तेवढा झाला नाही. २०२२ च्या सरावात ३२ देशांतील दोन हजारांहून अधिक लोक होते, सुमारे ५,५०० आभासी यंत्रणा (खऱ्या संगणकांवर सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) उभारलेल्या होत्या आणि त्यांच्यावर ८,००० हून अधिक हल्ले करण्यात आले. हे सारे ‘बेरिलिया’ नावाच्या एका काल्पनिक बेटावर घडते. बचाव करणारे गट बहुतांशी आपापल्या देशात बसूनच त्यात उतरतात.

या सरावातून उचलण्यासारख्या गोष्टी दोन आहेत. पहिली अशी की, तेथे बचाव करणाऱ्याला केवळ हल्ला अडवल्याचे गुण मिळत नाहीत. वीज, पाणी, बँक या सेवा चालू राहिल्या का, अहवाल वेळेवर गेले का, कायद्याचा सल्ला बरोबर होता का, पत्रकारांना काय उत्तर दिले, या सगळ्याचे मिळून गुण होतात. दुसरी अशी की, गट एकमेकांत मिसळलेले असतात. २०२३ मध्ये स्वीडन व आइसलँडचा संयुक्त गट पहिला आला, तर २०२५ मध्ये जर्मनी व सिंगापूरचा. इतक्या दूरच्या दोन देशांतील माणसांनी मिळून एकच शहर सांभाळायचे, हीच त्यातली खरी परीक्षा आहे, आणि आपल्याकडच्या ‘हॅकिंग स्पर्धां’मध्ये नेमका हाच भाग नसतो. या स्पर्धांत कोडे सोडवले की गुण मिळतात. कोडे सुटेपर्यंत दवाखान्याची नोंदणी खिडकी बंद राहिली तरी कोणी विचारत नाही.

आपल्या देशालाही हे नवीन नाही. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने सिंगापूरच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या साहाय्याने १३ देशांसाठी ‘सिनर्जी’ नावाचा, फाइली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या खंडणी-व्हायरसविरोधी सराव घेतला होता, आणि संरक्षण दलांची सायबर संस्था ‘सायबर सुरक्षा’ या नावाने स्वतःचे सराव घेते.

आधी टेबलावर, मग यंत्रावर

ज्यांनी कधीच सराव घेतलेला नाही त्यांनी थेट यंत्रांवरील हल्ल्यांपर्यंत धावू नये. पहिला सराव टेबलाभोवती बसून, केवळ चर्चेचा घ्यावा. त्याला अर्धा दिवस, एक फळा आणि प्रसंग वाचून दाखवणारा एक माणूस एवढेच लागते. ‘सोमवारी सकाळी नऊ वाजता सर्व संगणकांवर खंडणीची सूचना दिसते, पहिला फोन कोणाला?’ या एका प्रश्नावर आमच्या ओळखीच्या एका संस्थेत पाऊण तास गेला, कारण ज्या माणसाकडे बॅकअपच्या कपाटाची किल्ली होती तो दिवाळीपासून रजेवर होता आणि त्याचा नवीन क्रमांक कोणाकडेच नव्हता. सर्व्हरवर एक रुपयाही खर्च न करता कळलेली ही गोष्ट आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर झालेल्या हल्ल्यानंतर तेथे कित्येक दिवस नोंदणी व तपासण्यांचे काम हाताने कागदावर करावे लागले होते. आपल्याकडे ते कागद, ते रकाने आखलेले रजिस्टर आहे का, हे चर्चेतच कळून घ्यावे.

परवानगी आणि नियमपुस्तिका

यंत्रावरील सराव घ्यायचे ठरले की तंत्राच्या आधी कागद पूर्ण करावेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ व ६६ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणे हा, हेतू अप्रामाणिक किंवा फसवणुकीचा ठरला तर, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा आहे, आणि ‘सर, आम्ही सरावच करत होतो’ हे उत्तर पोलीस ठाण्यात चालत नाही. म्हणून संस्थाप्रमुखाच्या सहीचे पत्र घ्यावे, त्यात सरावाच्या यंत्रांचे पत्ते, तारीख, वेळ आणि हल्ला करणाऱ्यांची नावे लिहावीत, आणि सरावाचे नेटवर्क इंटरनेटपासून व संस्थेच्या कामकाजाच्या नेटवर्कपासून पूर्ण तोडावे. वेगळा स्विच घ्यावा. सेटिंगमध्ये वेगळे केले आहे या भरवशावर राहू नये.

लष्करी सरावांची एक साधी पद्धत येथे जशीच्या तशी घ्यावी: प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला व शेवटी ‘सराव सराव सराव’ असे लिहावे व बोलावे. ‘पाण्यात गडबड आहे’ हा निरोप कोणाच्या घरच्या व्हॉट्सअॅप गटात गेला, तर संध्याकाळपर्यंत तो अर्ध्या नागपुरात फिरेल. त्याच कारणाने खऱ्या संस्थेचे नाव प्रसंगात घालू नये. कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रे, गोरेवाड्याचे जलशुद्धीकरण केंद्र, मिहानचा औद्योगिक भाग ही नावे विद्यार्थ्यांच्या तोंडावर असतात आणि प्रसंग लिहिताना ती हमखास डोकावतात. पण टॅलिनच्या मंडळींनीही बेट कल्पनेतले घेतले, त्यामागे विचार आहे. आमच्या मुलांनी ‘संत्रापूर’ आणि ‘सावजीनगर’ अशी दोन शहरे काढली. नावे फार गंभीर नाहीत, पण त्यामुळे कोणाची झोप उडत नाही.

आणखी एक शब्द ठरवून ठेवावा, जो उच्चारला की सराव तत्क्षणी थांबतो. सरावाच्या दिवशी संस्थेत खरीच घटना घडू शकते.

नेटवर्क उभारणी

चार गट आणि प्रत्येकी आठ आभासी यंत्रे हा आटोपशीर आकार आहे: फायरवॉल, वापरकर्त्यांची नोंद ठेवणारा सर्व्हर, मेल, संकेतस्थळ, पाणीपट्टीचा डेटाबेस, कर्मचाऱ्यांचे दोन संगणक आणि जलशुद्धीकरण केंद्राचे नियंत्रक यंत्र. सरासरी तीन जीबी मेमरी धरली तर एका गटाला २४ आणि चारांना ९६ जीबी लागते. हल्लेखोर, गुणमोजणी आणि नोंदी यांना आणखी चाळीसेक जीबी धरावेत. ६४ जीबीचे तीन जुने सर्व्हर मिळाले तर काम निभावते. आभासी यंत्रांसाठी प्रॉक्समॉक्स, फायरवॉलसाठी ओपीएनसेन्स, नोंदींवर लक्ष ठेवायला वाझूह, नेटवर्कवरील संशयास्पद हालचालींसाठी सुरिकाटा, आणि पाण्याच्या केंद्रासाठी ओपनपीएलसी ही सर्व साधने मोफत आहेत. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस चालते, तेवढे पुरे होतात.

एका गटाचे नेटवर्क नीट बांधून, तपासून, मगच त्याच्या चार प्रती काढाव्यात. प्रत्येक यंत्राचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची परत आणता येणारी प्रत, घ्यावा. यंत्रांत काही दोष मुद्दाम ठेवावेत: जुनी आवृत्ती, सगळीकडे एकच पासवर्ड, नोकरी सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचे चालू खाते, आणि एखादी आधीच उघडून ठेवलेली मागची खिडकी. मोठ्या सरावातही बचाव करणाऱ्याला स्वतः न बांधलेले, अपरिचित नेटवर्क मिळते. प्रत्यक्ष नोकरीत काही वेगळे होत नाही. आदल्या माणसाने काय करून ठेवले आहे हे शोधण्यातच पहिला महिना जातो.

घड्याळांकडे विशेष लक्ष द्यावे. दुसऱ्या सरावात एका गटाचा तपासाचा अहवाल असा आला की हल्लेखोराने फाइल सकाळी ५:४७ ला चोरली आणि तो यंत्रात शिरला ११:१५ ला. मुले तासभर डोके खाजवत बसली. कारण एवढेच होते की डेटाबेसचे यंत्र जागतिक वेळ लिहीत होते आणि बाकीची भारतीय वेळ, म्हणजे साडेपाच तासांचा फरक. ५:४७ म्हणजे खरे तर ११:१७. हा दोष आम्ही मुद्दाम ठेवला नव्हता, पण तेव्हापासून मुद्दाम ठेवतो. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्व यंत्रांची घड्याळे ठरावीक सर्व्हरशी जुळवून ठेवावीत आणि नोंदी १८० दिवस जपाव्यात असे म्हटले आहे, त्यामागचे कारण अशा वेळी पटते.

एक सूचना खास नागपूरकरांसाठी. शैक्षणिक वर्ष संपते म्हणून मे महिन्यात सराव ठेवण्याचा मोह होतो. बाहेर ४५ अंश असताना तीन सर्व्हर आणि चाळीस मुले एका खोलीत बसवू नयेत, आणि डेझर्ट कूलर सर्व्हरच्या खोलीत तर अजिबात लावू नये. त्या ओलाव्याने आमचा एक वीजपुरवठा संच निकामी झाला. डिसेंबरात हिवाळी अधिवेशनामुळे रस्ते बंद असतात. जानेवारीचा दुसरा पंधरवडा उत्तम.

गट कसे पाडावेत

येथे रंगांची भाषा सर्वत्र रूढ आहे आणि ती तशीच वापरावी. ब्लू टीम बचाव करते, रेड टीम हल्ला करते, ग्रीन टीम नेटवर्क उभारते व चालू ठेवते, व्हाइट टीम नियम, प्रसंग आणि गुण सांभाळते. मोठ्या सरावात एकूण परिस्थितीचे चित्र सर्वांपुढे ठेवणारी यलो टीमही असते; आपल्याकडे ते काम व्हाइट टीममधील एकाने फळ्यावर करावे. सर्वांत हुशार मुलांना रेड टीममध्ये जायचे असते. त्यांना ग्रीन टीममध्ये घालावे. मुले नाराज होतात, पण सराव वाचतो.

ब्लू टीममध्ये आठ-दहा जण असावेत आणि त्यांत किमान एक विधी महाविद्यालयातला व एक जनसंवादाचा विद्यार्थी असावाच. संयुक्तपणा आणायचा असेल तर एकाच महाविद्यालयाचा गट करू नये. वर्धा रोडवरच्या महाविद्यालयातील चार आणि कामठीच्या बाजूची चार अशी एकमेकांना न ओळखणारी मुले एका गटात घालावीत, पण शक्यतो वेगवेगळ्या खोल्यांत बसवावीत. मग खरी गंमत सुरू होते. एक जण पासवर्ड बदलतो आणि दुसऱ्या खोलीतील भागीदाराला सांगायचे विसरतो. भागीदाराला वाटते हल्लेखोराने कुलूप लावले, आणि तो यंत्र जुन्या स्नॅपशॉटवर नेतो. दोघांचेही काम बरोबर, आणि एकूण नुकसान हल्लेखोराने केले असते त्याहून जास्त.

ही काल्पनिक शहरे दोन वेगळे ‘देश’ मानून प्रत्येकाला एक वेगळा कायदा द्यावा. संत्रापूरच्या कायद्याने नागरिकांची माहिती लेखी मंजुरीशिवाय परदेशी देता येत नाही; सावजीनगरला तपासासाठी नेमकी तीच यादी हवी आहे. माहिती देताना तिच्यावर लाल, पिवळसर, हिरवा किंवा मोकळा असा रंग लिहिण्याची जी पद्धत जगभर वापरली जाते, ती सक्तीची करावी: लाल म्हणजे समोरच्या माणसापुरते, मोकळा म्हणजे कोणालाही सांगावे. विधीच्या विद्यार्थ्यांना टॅलिन मॅन्युअलची ओळख आधी करून द्यावी. सायबर कारवायांना आंतरराष्ट्रीय कायदा कसा लागू होतो हे सांगणाऱ्या, तज्ज्ञांनी तयार केलेल्या या संहितेची पहिली आवृत्ती २०१३ ची आणि १५४ नियमांची दुसरी आवृत्ती २०१७ ची आहे. ती कोणत्याही देशावर बंधनकारक नाही, पण एखाद्या देशाच्या भूमीवरील सर्व्हरवरून हल्ला झाला म्हणजे तो त्या देशानेच केला असे ठरते का, यासारखे प्रश्न तिच्यामुळे नेमके विचारता येतात.

तो प्रश्न पुस्तकी नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली; पुढच्या मार्च महिन्यात राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता मांडली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी कारण मानवी चुकीचे असल्याचे सांगितले. ‘हे कोणी केले?’ असे विचारले जाते तेव्हा उत्तर देण्याची घाई किती महागात पडू शकते, हे शिकवायला याहून जवळचे उदाहरण शोधण्याची गरज नाही.

प्रसंगांची मांडणी

दिवसाचा आराखडा व्हाइट टीमने मिनिटांसह लिहावा आणि प्रत्येक प्रसंगाची चिठ्ठी आधीच छापून ठेवावी. रेड टीमने ठरलेल्या यादीतील हल्ले चारही गटांवर एकाच वेळी करावेत. आयत्या वेळी सुचलेले हल्ले करू दिले तर कोणावर जास्त, कोणावर कमी असे होते आणि गुणांना अर्थ राहत नाही. मनुष्यबळ कमी असेल तर कॅल्डेरा हे मोफत साधन ठरलेले हल्ले आपोआप करते. सकाळी हल्ले ओळखीचे ठेवावेत, जेवणानंतर जड.

तांत्रिक हल्ल्यांपेक्षा चिठ्ठ्यांनीच गटांची जास्त धावपळ होते. आमची एक चिठ्ठी अशी होती: ‘सराव सराव सराव. वेळ ११:१०. एका वाहिनीचा प्रतिनिधी विचारतो की पाण्यात विष मिसळल्याची चर्चा आहे, लोकांनी पाणी प्यावे की नाही? वीस मिनिटांत मराठी व हिंदीत उत्तर द्यावे. सराव सराव सराव.’ एका गटाने लिहिले, ‘सदर प्रकरणी तपास सुरू असून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.’ शून्य गुण. दुसऱ्या गटाने लिहिले, ‘संगणकावरील आकडे सध्या विश्वासार्ह नाहीत, म्हणून दर तासाला हाताने नमुना तपासत आहोत. अकराचा नमुना योग्य आहे, पाणी पिता येईल. पुढची माहिती बारा वाजता देऊ.’ पूर्ण गुण. ते उत्तर ज्या मुलीने लिहिले तिला फायरवॉल म्हणजे काय ते आदल्या संध्याकाळी कळले होते.

मधूनमधून साध्या तक्रारीही सोडाव्यात. लेखा विभागातून फोन यावा, ‘अहो, माझा प्रिंटर चालत नाही.’ दहापैकी नऊ वेळा तो प्रिंटरच असतो. दहाव्या वेळी त्यामागे रेड टीम असते, आणि फोन कंटाळून ठेवून देणाऱ्याला ते कळत नाही.

गुण

शंभरपैकी चाळीस गुण सेवा चालू राहण्याचे ठेवावेत आणि ते माणसाने न देता एका लहान प्रोग्रामने दर मिनिटाला संकेतस्थळ, मेल व पाण्याचे आकडे तपासून द्यावेत. हल्ले अडवण्याला वीस, अहवालांना वीस, कायदा व माध्यमे यांना पंधरा, तक्रारी सोडवण्याला पाच. सर्ट-इनच्या निर्देशांप्रमाणे घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते. एका दिवसाच्या सरावात ते सहा तास तीस मिनिटांवर आणावेत आणि एकतिसाव्या मिनिटाला आलेल्या अहवालाला गुण देऊ नयेत. अहवालात काय घडले, कशावर परिणाम झाला, काय केले आणि अजून काय माहीत नाही, हे चार भाग असावेत. चौथा भाग कोरा सोडणाऱ्या गटाचे गुण आम्ही कापतो. स्नॅपशॉटवर परत जायला मुभा असावी, पण प्रत्येक वेळी दंड घ्यावा, आणि केबल उपटण्याचा नियम तर आमच्या पुस्तिकेत आता पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत आहे.

आदला दिवस, तो दिवस आणि संध्याकाळ

आठवडाभर आधी, ब्लू टीमशिवाय, पूर्ण रंगीत तालीम घ्यावी. आमच्या पहिल्या तालमीत गुण मोजणारा प्रोग्रामच दुपारी बंद पडला होता. आदल्या संध्याकाळी ब्लू टीमला दोन तास नेटवर्क पाहू द्यावे, पण काही बदलू देऊ नये. सरावाच्या दिवशी सकाळी सर्वांचे मोबाइल एका पेटीत ठेवावेत, संपर्कासाठी फक्त सरावातील मेल आणि अंतर्गत फोन द्यावा. जेवणाची सुटी देऊ नये. गटाने आपसांत पाळी लावून जेवावे, कारण कोण कोणाच्या जागी बसला हे सांगण्याची सवयही त्यात लागते.

सराव संपल्यावर लगेच, दमलेले असले तरी, सर्वांना एका खोलीत बसवावे. प्रथम रेड टीमने आपला मार्ग पडद्यावर उलगडून दाखवावा: कोठून शिरलो, किती वेळ दिसलो नाही, कोणी ओळखले. मग प्रत्येक गटाने एकच गोष्ट सांगावी, जी उद्या आपल्या संस्थेत बदलता येईल. या चर्चेत निकाल जाहीर करू नये, नाहीतर मुले गुणपत्रिकेवरून भांडत राहतात. निकाल दुसऱ्या दिवशी लावावा. नोंदी एका वेगळ्या डिस्कवर काढून घ्याव्यात, आभासी यंत्रे पुसावीत, सरावात वापरलेला एकही पासवर्ड कोणाच्या खऱ्या खात्यावर नाही याची खात्री करावी, आणि परवानगीच्या पत्रावर ‘सराव समाप्त’ असे लिहून वेळेसह सही घ्यावी.